बुरशी चालेल, मटणाचं सोंग नको

विदर्भात तूर पेरणाऱ्याला फ्युजेरियम ठाऊक असतं. नाव ठाऊक नसेल, प्रताप ठाऊक असतात. ऐन फुलोऱ्यातलं झाड माना टाकतं, खोड उभं चिरलं की आत काळपट पट्टा दिसतो आणि बांधावरचा माणूस एवढंच म्हणतो, मर लागली. हरभऱ्यावरची मरही याच कुळातल्या बुरशीची करणी. आणि याच कुळातली आणखी एक जात, फ्युजेरियम वेनेनॅटम, इंग्लंडातली माणसं १९८५ पासून पैसे मोजून खात आहेत. तिचा खिमा मिळतो, तुकडे मिळतात, सॉसेज मिळतात. 'क्वॉर्न' हे त्यातलं सगळ्यात जुनं आणि ओळखीचं नाव.

नागपुरात हा विषय निघाला की घराघरात दोन पक्ष पडतात. जिमला जाणारा मुलगा म्हणतो, उद्याचं प्रोटीन हेच. त्याची आई म्हणते, पावाला बुरशी आली तर मी आख्खा पाव फेकते, आणि तीच आता बाजारातून विकत आणायची होय? मला त्या आईचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. मुलाचा उत्साह बराचसा जाहिरातीतून आलेला आहे. आईची शंका अनुभवातून आलेली आहे आणि तिला नीट उत्तर मिळायला हवं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे अन्न आपल्याकडे यायला काही हरकत नाही. मात्र ते बुरशी म्हणूनच यावं, मटणाचं सोंग घेऊन येऊ नये. सोंग घेतलं की ते सुरक्षिततेच्या बाजूनेही अडचणीत येतं आणि चवीच्या बाजूने तर सावजीच्या पहिल्याच घासाला उघडं पडतं.

आधी हे अन्न आलं कुठून ते पाहू. १९६० च्या दशकात जगभर एक भीती पसरली होती, की लोकसंख्या वाढतेय आणि लवकरच प्रथिनांचा दुष्काळ पडणार. रँक होविस मॅकडुगल ही इंग्लंडातली पिठाची आणि पावाची मोठी कंपनी. तिच्याकडे गव्हातला स्टार्च मुबलक होता. तो खाऊन प्रथिनं तयार करील असा एखादा सूक्ष्मजीव मिळतो का, याचा शोध तिने सुरू केला. देशोदेशीच्या मातीचे तीन हजारांवर नमुने तपासले. शेवटी हवी ती बुरशी सापडली १९६७ मध्ये, कंपनीच्या प्रयोगशाळेपासून जवळच, बकिंगहॅमशरमधल्या मार्लो गावच्या मातीत. पुढे चाचण्यांमध्ये दशकाहून अधिक काळ गेला आणि मग ती ताटात आली.

गंमत अशी, की ज्या भीतीपोटी हा शोध सुरू झाला ती भीतीच मधल्या काळात ढासळली. तिच्यावर प्रश्नचिन्ह लावणाऱ्यांत एक मराठी माणूस पुढे होता. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख होते. भारतातल्या आहाराचे आकडे मांडून ते सांगत राहिले, की गरिबाच्या ताटात मुळात अन्नच कमी पडतं. पोटभर डाळ-भात-भाकरी मिळाली तर प्रथिनांची बरीचशी तूट आपोआप भरून निघते. अर्धपोटी माणसाला तुम्ही नुसती प्रथिनं खाऊ घातली तर त्याचं शरीर तीही सरपणासारखी जाळून टाकतं. १९७४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी तर प्रथिन-टंचाईच्या या सगळ्या बोभाट्याची फजितीच केली. तात्पर्य, कोणी मेळघाट-गडचिरोलीचं कुपोषण दाखवून बुरशीचं प्रोटीन विकायला आला, तर त्याला सुखात्मे वाचायला सांगावं. अंगणवाडीतल्या मुलाला पोटभर जेवण आणि रोज एक अंडं मिळालं तरी खूप झालं.

दुष्काळाची भाकितं बाजूला पडली, बुरशी मात्र टिकली. तिचं गिऱ्हाईक बदललं. उपाशी जगासाठी शोधलेला पदार्थ खाऊन-पिऊन सुखी असलेल्या, कोलेस्टेरॉल मोजणाऱ्या माणसाच्या ताटात गेला. कंपनीच्या हिशेबाने ते बरंच झालं असेल.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. कारखान्यात नेमकं होतं काय? सुमारे पन्नास मीटर उंचीचं, दीड लाख लिटर मावेल असं स्टीलचं नळकांडं असतं. त्यात ग्लुकोजचं पाणी, नत्रासाठी अमोनिया, थोडे क्षार. पातं फिरवून ढवळत नाहीत, कारण पात्याने बुरशीचे धागे तुटतात. खालून हवा सोडतात आणि ती हवाच सगळं वर-खाली घोळवत राहते. तापमान तिशीच्या खाली-वर ठेवलेलं. बुरशी काही तासांत दुपटीने वाढते, एका बाजूने खाद्य आत जातं, दुसऱ्या बाजूने तयार माल बाहेर निघतो. असा घाणा काही आठवडेच चालवता येतो. पुढे त्या बुरशीतच बदल होतात, लांब धाग्यांऐवजी आखूड, फार फाटे फुटलेले धागे वाढू लागतात आणि मालाचा पोत बिघडतो. मग सगळं रिकामं करून, निर्जंतुक करून नव्याने सुरुवात.

याच्या पुढची पायरी सुरक्षिततेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. इतक्या वेगाने वाढणाऱ्या पेशींत आरएनए, म्हणजे प्रथिनं घडवायला पेशीला लागणारं द्रव्य, भरपूर असतं, कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. ते पोटात गेलं की त्याचं यूरिक ॲसिड होतं, आणि यूरिक ॲसिड म्हणजे काय हे गाऊटने अंगठा सुजून रात्र काढलेल्या माणसाला विचारावं. सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या अन्नातून दिवसाला दोन ग्रॅमच्या वर आरएनए जाऊ नये, असा संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागार गटाचा दंडक १९७० च्या दशकात ठरला. म्हणून तयार माल अडुसष्ट अंशांच्या वर वीस-तीस मिनिटं तापवतात. त्या उष्णतेत बुरशीचीच विकरं (एन्झाइम) तिचं आरएनए फोडतात, ते पाण्यात निघून जातं आणि प्रमाण दोन टक्क्यांवर येतं. या खटाटोपात मालाचा जवळपास एक तृतीयांश भाग वाया जातो. तरी कारखानदार ते करतो, कारण त्याशिवाय परवानगीच नाही. आपल्याकडे डॉक्टरांनी यूरिक ॲसिडपायी मटण बंद केलेली माणसं पर्याय म्हणून याच पदार्थाकडे वळण्याची शक्यता आहे. उद्या कोणी स्वस्तातला माल काढायचा म्हणून ही पायरी गाळली, तर पहिला मार नेमका त्यांनाच बसेल. म्हणून 'बुरशी सुरक्षित आहे का' असं मोघम विचारून भागत नाही. कोणती जात, कोणत्या कारखान्यातली, तापवली का, तपासली का, हे विचारावं लागतं.

तपासण्याचं म्हणाल तर फ्युजेरियम कुळात विष तयार करणाऱ्या जाती आहेत, यात वाद नाही. गहू-मक्याच्या कणसावर वाढून माणसाला आणि जनावरांना आजारी पाडणारी विषं त्या बनवतात. खाण्यासाठी निवडलेला वाण ठरलेल्या खाद्यावर, ठरलेल्या तापमानाला वाढवला तर ती विषं आढळत नाहीत, आणि खरंच आढळत नाहीत ना हे दर काही तासांनी नमुने काढून पाहतात. जपानी लोक सोया सॉस आणि मिसो ज्या बुरशीवर आंबवतात, ती ॲस्परजिलस ओरायझे ही अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेव्हसची सख्खी बहीण. तिला शतकानुशतकं माणसाळवलं, तिची विषाची सवय गेली. इंडोनेशियात सोयाबीनवर रायझोपस ही बुरशी वाढवून टेंपे करतात आणि गोरगरीब रोज खातात. कुळावरून निकाल लावायचा तर जपान आणि जावा दोन्ही उपाशी राहतील.

आता आपलं घर. पावावरची बुरशी आपण फेकतो, कारण ती दिसते. शेंगदाण्यातली दिसत नाही. पावसात भिजलेल्या, नीट न वाळवलेल्या शेंगांत, मक्यात, सरकीच्या पेंडीत, ओलसर पोत्यात भरून ठेवलेल्या मिरचीत ॲस्परजिलस फ्लेव्हस वाढते आणि अफ्लाटॉक्सिन मागे ठेवते. हे विष रोजच्या स्वयंपाकातल्या उकळण्याने जात नाही आणि यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का ठरलेला आहे. १९७४ च्या शेवटी पंचमहाल आणि बांसवाडा या गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या जिल्ह्यांत दीडशेहून अधिक गावांत माणसं काविळीने आजारी पडली. जवळपास चारशे आजारी, त्यांतले १०६ दगावले. अवकाळी पाऊस, ओला मका, तोच साठवलेला आणि तोच खाल्लेला. त्या गावांत कोणी परदेशी नवलाईचा पदार्थ आणला नव्हता. रोजच्या भाकरीतून विष पोटात गेलं.

म्हणजे बुरशी आपण खातच आलोय. काही माहिती असून, काही नकळत. नकळत खाल्लेली जास्त घातक आहे आणि तिची तपासणी सगळ्यात कमी होते. चिवड्यातला खवट, सुरकुतलेला दाणा तोंडात आला की आपण थुंकतो आणि पुढचा बकाणा भरतो. कारखान्यातल्या बुरशीला लावतो ती कसोटी आपण गोदामातल्या शेंगदाण्याला लावत नाही. मला हा दुजाभाव खटकतो. कारखान्याची कसोटी सैल करावी असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. उलट शेंगदाण्याची घट्ट करावी.

एवढं सांगून मी बुरशीवाल्यांची वकिली करतोय असं वाटेल. तर त्यांची दुसरी बाजूही मांडतो. काही माणसांना हा पदार्थ सोसत नाही. खाल्ल्यावर दोन-चार तासांत जोराच्या उलट्या-जुलाब होतात, काहींच्या अंगावर पित्त उठतं, क्वचित श्वास अडकतो. अमेरिकेतल्या एका ग्राहक संघटनेने अशा तक्रारी वर्षानुवर्षं गोळा केल्या. २०१८ मध्ये त्यांतल्या १७५२ तक्रारींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दोन मृत्यूंचीही नोंद आहे. या तक्रारी लोकांनी आपणहून कळवलेल्या आहेत, त्यामुळे लाखात किती जणांना त्रास होतो ते त्यावरून काढता येत नाही. कंपनी म्हणते प्रमाण नगण्य, संघटना म्हणते तसं नाही. दूध, शेंगदाणा, कोळंबी यांनीही माणसं अत्यवस्थ होतात, हा कंपनीच्या बाजूचा युक्तिवाद चुकीचा नाही. पण एक फरक आहे. कोळंबी खाणाऱ्याला आपण कोळंबी खातोय हे माहीत असतं.

मुद्दा इथे येतो. सुरुवातीला अमेरिकेत या पाकिटांवर हा पदार्थ अळंबीच्या जातीचा असल्याचा भास होईल असं लिहिलं जायचं. अळंबी आणि ही बुरशी यांचं नातं फार दूरचं. ज्याला घरातल्या ओलीची, बुरशीची ॲलर्जी आहे, दमा आहे, तो माणूस 'अळंबी' वाचून निर्धास्त खाणार. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१७ च्या तडजोडीत कंपनीने पाकिटावर हे बुरशीपासून केलेलं आहे आणि क्वचित ॲलर्जी होऊ शकते, असं लिहिण्याचं कबूल केलं. लोक दचकतील म्हणून जे लपवलं, तेच कळणं काही लोकांच्या जिवासाठी गरजेचं होतं. भारतात हे अन्न येईल तेव्हा पहिल्या दिवसापासून पाकिटाच्या दर्शनी बाजूला मराठीत-हिंदीत 'बुरशीपासून तयार केलेले' असं ठळक असायला हवं. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत 'मायकोप्रोटीन' हे या अन्नाचं तांत्रिक नाव नको, ते कोणाला कळणार!

आपल्याकडे यासाठी चौकट नाही असं नाही. आजवर इथे खाल्लं न गेलेलं अन्न विकायचं तर २०१७ च्या नियमांनुसार अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, आगाऊ मंजुरी लागते. हिरव्या ठिपक्याचा प्रश्नही कागदावर सोपा आहे. बुरशी प्राणी नाही, तेव्हा हिरवा ठिपका. पण या पदार्थांत धागे धरून ठेवायला बऱ्याचदा अंड्याचा पांढरा बलक घालतात. क्वॉर्नने अंडं टाळून बटाट्याच्या प्रथिनावर केलेले प्रकार बऱ्याच उशिरा काढले. अंडं आलं की आपल्याकडे तपकिरी त्रिकोण. एकाच कंपनीची दोन पाकिटं, एकावर हिरवं, एकावर तपकिरी. आणि इतवारीतल्या जैन कुटुंबाला हिरवा ठिपका पुरत नाही, त्यांच्याकडे अळंबीच चालत नाही, मग ही कुठली चालायला! शाकाहारी बाजारपेठ म्हणून ज्यांचे आकडे कंपन्या मांडतात, त्यातले बरेच लोक असे आधीच वजा करावे लागतील.

मग खाणार कोण? इथे आवडीचा प्रश्न येतो, आणि तो सुरक्षिततेपेक्षा अवघड आहे.

जन्माने शाकाहारी असलेल्या माणसाला मांसासारखं दिसणारं, तुटणारं, चावताना तसंच लागणारं काही नको असतं. त्याला त्याची शिसारी येते. मांसाहारी माणसाला बदली खेळाडू नको, खरा हवा. उरले मधले. डॉक्टरांनी बंद केलेले, घरच्यांच्या आग्रहाने सोडलेले, वार पाळणारे. आणि नागपुरात तर बदली खेळाडूची गाठ सावजीशी आहे.

सावजी म्हणजे इथल्या हलबा कोष्टी समाजाचं जेवण. माग चालवणाऱ्यांच्या घरातून ते भोजनालयांत आलं आणि आता शहराची ओळख झालं. त्याचा काळसर रस्सा हा काही नुसता तिखटाचा खेळ नाही. सुकं खोबरं, खसखस, मिरी, लवंग, दगडफूल हे सगळं तेलावर काळपट होईपर्यंत भाजून वाटतात हे खरं, पण त्या रश्शाला अंग येतं ते हाडातून, चरबीतून आणि कातड्याजवळच्या चिकट भागातून. नळी फोडून चोखणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तर्री नुसत्या तेलाची असेल आणि चरबी मिसळलेली असेल, तर जिभेला फरक कळतो.

बुरशीत हाड नाही, चरबी नावापुरती, शंभर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम. मी इंग्लंडात एका नातेवाइकाकडे हा खिमा खाल्ला आहे. कच्चा असताना फिकट, साबणाच्या चुऱ्यासारखा रंग, नाकाजवळ धरला तर अळंबीचा अगदी पुसट वास. पोत मात्र खरोखर जमलेला. दाताखाली धागा लागतो आणि तो ओढल्यावर तुटतो. हे कसं साधतात ते समजल्यावर मला कौतुक वाटलं. माल वाफवून हळूहळू गोठवतात, तेव्हा आत बर्फाचे स्फटिक वाढत जाऊन बुरशीच्या धाग्यांना दाबत एकमेकांशेजारी आणतात, आणि त्या जुड्या मांसाच्या तंतूंसारख्या लागतात. रंग नाही, रसायन नाही, नुसती थंडी. पण चव? आल्या-लसणाची होती, गरम मसाल्याची होती. त्याची स्वतःची जवळपास नव्हतीच. मसाला वरून बसला होता, आतून रस सुटत नव्हता. मटर घालून पावाबरोबर खायला बरा लागला. मटणाचा खिमा म्हणून पुढे केला असता तर मी दुसरा घास घेतला नसता.

म्हणून म्हणतो, नक्कल करू नका. आपल्याकडे नक्कल न करता सावजी रश्शात मानाने बसलेला पदार्थ आहेच की, पाटोडी. बेसन मसाल्यात घट्ट शिजवायचं, ताटाला तेल लावून थापायचं, चौकोनी वड्या पाडायच्या आणि वाढताना त्या झणझणीत रश्शात सोडायच्या. आधीच सोडल्या तर विरघळतात, म्हणून भोजनालयात वड्या वेगळ्या आणि रस्सा वेगळा ठेवतात. पाटोडीने कधी मी मटण आहे असं म्हटलं नाही. बोकडाच्या तुकड्याचा आकार घेतला नाही. ती बेसन म्हणून आली आणि रश्शाने तिला घरात घेतलं. मटण खाणाराही वार असला की बिनतक्रार पाटोडी मागवतो. उलट सोयाबीनच्या वड्या पाहा. वर्षानुवर्षं त्यांना शाकाहारी मटण म्हणून विकलं, आणि वर्षानुवर्षं लोक त्या मटणाशी तुलना करून नाकं मुरडत आले. वडी वाईट नाही, तिला लावलेली उपमा वाईट.

आणि बुरशी म्हटल्यावर नागपूरकरांनी इतकं दचकावं असं काही नाही. सावजी मसाल्यातलं दगडफूल हे स्वतःच अर्धी बुरशी आहे. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार, झाडाच्या सालीवर आणि खडकावर वाढणारा. पावसाळ्यात झाडीपट्टीत वारुळावर सात्या, म्हणजे रानातली अळंबी, उगवतात तेव्हा त्यांच्यासाठी भल्या पहाटे रान तुडवणारी माणसं आहेत, आणि त्या सात्यांचा रस्सा मटणापेक्षा सरस म्हणणारेही आहेत. सात्यांना कोणी रानचं चिकन म्हणून विकत नाही. त्या सात्या म्हणूनच महाग आहेत.

भावाचं बोललं पाहिजे, कारण शेवटी तिथेच घोडं अडतं. मायकोप्रोटीनच्या शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं अकरा ग्रॅम, तंतू सहा ग्रॅम. प्रथिनांचा दर्जा चांगला, दुधा-अंड्यांच्या पंगतीत बसेल असा. तंतू ही खरी जमेची बाजू, मटणात ते शून्य. पण बोकडाच्या मटणात तेवढ्याच वजनाला वीसच्या आसपास प्रथिनं आहेत आणि सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत पन्नासच्या वर. सोयाबीन आपल्या दाराशी पिकतं. २०२५-२६ साठी सरकारने त्याचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर केला, आणि विदर्भातला शेतकरी बाजार समितीत गाडी लावून त्याहून कमी भावाच्या बोली ऐकत उभा राहतो. दाराशी एवढं स्वस्त प्रथिन पडून असताना, पन्नास मीटर उंच निर्जंतुक टाकी, चोवीस तास वीज आणि कारखान्यापासून दुकानापर्यंत गोठवलेली साखळी लागणारं प्रथिन भावात टिकायचं म्हणजे कठीण. त्यात नागपूरचा मे महिना. पंचेचाळीस अंशांत दुकानदाराचा फ्रीजर दुपारी दोन तास बंद पडला तर पाकिटात काय होईल याचा विचार सुरक्षिततेच्या चर्चेत कोणी करत नाही. माल पुन्हा गोठेल, दिसायला ठीक दिसेल. मला कारखान्यापेक्षा या शेवटच्या टप्प्याची धास्ती जास्त वाटते.

पर्यावरणाचा युक्तिवाद मी मुद्दाम मागे ठेवला. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की २०५० पर्यंत जगाने गाई-मेंढ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या मांसाचा पाचवा हिस्सा सूक्ष्मजीवांच्या प्रथिनाने बदलला, तर वर्षाकाठी होणारी जंगलतोड निम्म्यावर येईल. ब्राझीलमध्ये जंगल जाळून कुरणं केली जातात, तिथे हे बरोबर आहे. आपल्याकडची बेरारी शेळी मात्र बांधावरचं, पडीक रानातलं, काढणीनंतरच्या शेतातलं खाऊन वाढते. ती बहुधा भूमिहीन घरातल्या बाईच्या मालकीची असते आणि मुलीच्या फीला किंवा दवाखान्याला विकली जाते. त्या शेळीला हटवून तिथे साखरेवर आणि विजेवर वाढलेली बुरशी आणली तर पृथ्वीचं किती भलं होईल याचा हिशेब इथल्या आकड्यांनी मांडून दाखवा, मग बोलू. परदेशातलं पुण्य आपल्या खात्यावर जमा करून घेऊ नये.

तरीही मी हे अन्न यावं असं का म्हणतो? एक तर निवड वाढावी म्हणून. दुसरं, तंतू जास्त आणि चरबी कमी असलेला चावण्याजोगा पदार्थ मधुमेह-हृदयविकाराच्या या शहरात खरोखर कामाचा आहे. तिसरं, हे तंत्र शिकण्यासारखं आहे. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली. नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आताच्या एलआयटी विद्यापीठात, अन्न तंत्रज्ञान शिकवलं जातं, भंडारा-गोंदियात भाताच्या गिरण्यांतून कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, निघते आणि कनकीच्या स्टार्चपासून ग्लुकोज करता येतो. टेंपेसारखं ताट-परातीत आंबवण्याचं तंत्र तर टाकीशिवायही जमतं. इथल्या सोयाबीनवर रायझोपस वाढवून गरमागरम विकणारा एखादा छोटा उद्योग मला आयात गोठवलेल्या नगेटपेक्षा जास्त पटतो. मात्र तिथेही तीच अट, जातवान विरजण आणि वेळोवेळी तपासणी. घरगुती म्हणून सूट नको.

आणि एक गोष्ट पाकिटावरच्या नियमांत येत नाही. भोजनालयात बसलेल्या माणसासमोर पाकीट नसतं, वाटी असते. दम्याचा रुग्ण, अंडं न खाणारा, जैन, यापैकी कोणालाही रश्शातला तुकडा पाहून कळणार नाही की हे काय आहे. तेव्हा भोजनालयाच्या फलकावर पाटोडी रस्सा, अंडा रस्सा यांच्या ओळीत 'बुरशी रस्सा' असं सरळ लिहिण्याची सक्ती हवी, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाने स्वयंपाकघरातलं पाकीट आणि फलकावरची ओळ जुळते का ते पाहायला हवं. गिऱ्हाईक बिचकेल? बिचकू दे की. बिचकून का होईना, ज्याने एकदा मागवला त्याला तो काय खातोय ते माहीत असेल.

विकायचंच असेल तर माझा सल्ला, श्रावणात विका. त्या महिन्यात मटणाच्या हंड्या थंडावतात, रश्शाचा मसाला तोच राहतो आणि गिऱ्हाईक पाटोडीवर असतं. पाटोडीच्या शेजारी ही वाटी ठेवा, भाव पाटोडीच्या फार वर नेऊ नका. पोळ्यानंतर करीचा दिवस येईल, बडग्या-मारबतीची मिरवणूक निघेल, मटणाच्या दुकानांसमोर पुन्हा रांगा लागतील. त्या दिवशी कोणी विचारणार नाही. त्यानंतरच्या आठवड्यात, बंधन काही नसताना, फलकावरची ती ओळ वाचून कोणी वाटी मागवतो का, तेवढं मालकाने मोजून ठेवावं.